दहा पुरुष लागतात
आमच्या जुन्या पनवेलच्या आळीत पूर्वी निम्मी घरं इस्रायलींची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची. बोलणं मराठी, नेसणं नऊवारी, फक्त शनिवारी चूल बंद. सत्तर सालानंतर एकेक घर इस्रायलला निघालं. रिकाम्या खोल्यांत मराठवाड्याचे मास्तर आले, नव्या मुंबईच्या बांधकामावरचे कारकून आले, उरणकडचे आगरी आले. आळी काही ओस पडली नाही, नळावरची भांडणंही थांबली नाहीत!

शेजारच्या मावशींचं जायचं ठरलं, पण त्यांचा पाय निघेना. मुलगा तिकडे बोलावत होता आणि नवरा इथल्या कबरस्तानात. "ह्यांना एकटं टाकून कशी जाऊ गं?" असं रोज आईला विचारायच्या. निदान वर्षाची प्रार्थना नीट व्हावी, एवढीच त्यांची इच्छा. त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि आळीत त्यांचे आठच उरले होते.

हे आमच्या वडिलांच्या कानावर गेलं. झालं! स्वारी कुणाला विचारतेय कशाला? संध्याकाळी आंघोळ करून, काळी टोपी घालून, समोरच्या मुसलमान शिंपीकाकांना घेऊन मावशींच्या ओटीवर हजर. "घ्या, झाले दहा!"

प्रार्थना सांगणारे म्हातारे गडबडले. "अहो, दहाही आमच्याच धर्माचे लागतात."

"मग आधी नाही का सांगायचं?" वडील उलट त्यांच्यावरच उखडले. आईनं कपाळाला हात लावला. मला तर तिथून पळावंसं वाटलं.

मावशी मात्र पुढे झाल्या. "ह्यांना खांदा दिलात, तेव्हा कुणी धर्म विचारला होता का? बसा दोघं."

दहांची प्रार्थना राहिली; कमी माणसांत चालते ती झाली. शिंपीकाकांनी 'आमीन' बरोबर म्हटलं, वडिलांनी भलत्याच ठिकाणी, तेही खणखणीत. मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. मग गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा मलिदा फिरला. वडिलांनी दोनदा घेतला.

आम्ही उठलो तेव्हा मावशी पायरीपर्यंत आल्या. "भावजी, कबरीवर वर्षाकाठी कुणी..."

"वहिनी, तुम्ही खुशाल जा. मी जाईन."

"दर वर्षी?"

"वर्षाची वाट कशाला बघायची? माझ्या दुकानाच्या वाटेवरच तर आहेत ते. येता-जाता डोकावेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी ट्रंक भरायला घेतली.