जुना सेव्ह आहे का?

माझ्या शेजारच्या दुकानदाराला सगळे रिजन म्हणतात. खऱ्या नावानं हाक मारली तर तो मागे वळूनही बघत नाही. माझं चष्म्याचं दुकान आणि त्याचं जुन्या व्हिडिओ गेमचं दुकान, मध्ये एक प्लायवूडची भिंत. त्याच्याकडचं गिऱ्हाईक शिंकलं तरी मला कळतं. मी मुद्दाम ऐकत नाही, पण कान काही चष्म्यासारखे काढून ठेवता येत नाहीत.

हे नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतलंय. गेमच्या डिस्क जगात वेगवेगळ्या प्रदेशांसाठी, म्हणजे रिजनसाठी, वेगवेगळ्या निघतात. जुनी मशीनं भलत्या प्रदेशाची डिस्क घातली की सरळ नकार द्यायची. कुणाचा तरी मेव्हणा परदेशातून हौसेनं गेम आणायचा, घरी तो चालायचा नाही, आणि मंडळी चेहरे पाडून इथे यायची. "आधी रिजन बघायचं ना हो," हे ह्याचं पालुपद. आताची मशीनं कुठलीही डिस्क मुकाट्यानं चालवतात. रिजनचं म्हणणं असं, की त्यामुळेच लोक जास्त फसतात. खेळताना आपण जे काही जमवतो, बांधतो, ते मशीन साठवून ठेवतं. त्याला सेव्ह म्हणतात. हा सेव्ह त्या प्रदेशाच्या डिस्कशी बांधलेला असतो. तोच गेम दुसऱ्या प्रदेशाच्या डिस्कवर लावा, ती जुन्या सेव्हला ओळखसुद्धा दाखवत नाही. पुन्हा श्रीगणेशा.

म्हणून कुणीही डिस्क बदलायला आलं की हा आधी विचारणार, "जुना सेव्ह आहे का?" गिऱ्हाईक घाईत असो, वैतागलेलं असो, उत्तर मिळाल्याशिवाय हा डिस्कला हात लावत नाही. मी त्याला कितीदा चिडवलंय, की तू बायकोलाही बघायला गेलास तेव्हा हेच विचारलं असशील.

एकदाच त्यानं विचारलं नाही.

कोपऱ्यावरच्या बेकरीत काउंटरवर बसणाऱ्या काकू नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. काका बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवा हात लुळा पडला तो हळूहळू सुधारला, पण बोलणं गेलं ते गेलंच. एकच शब्द उरला, "आहे". भूक लागली तरी आहे, दुखलं तरी आहे. बोटं हलती राहावीत म्हणून परदेशातल्या मुलीनं मशीन आणि गेम पाठवला होता. समुद्राकाठी एक गाव वसवायचं, झाडं लावायची, मासे धरायचे, असा शांत गेम. अक्षरं तिकडच्या भाषेतली, पण काका चित्रांवरून शिकले. काकू कामावर जायच्या आणि हे दिवसभर गावात रमलेले असायचे. ड्रायव्हर माणूस, गावात घरं चार आणि रस्तेच रस्ते, असं काकू हसून सांगायच्या.

"ह्यांना ते वाचता येत नाही, जिवाची तगमग होत असेल," काकू रिजनला म्हणाल्या. "आपल्याला वाचता येईल अशी डिस्क द्या ना बदलून."

रिजननं काकांच्या हातातलं डिस्कचं खोकं पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर नेमकी हीच परदेशी आवृत्ती, ह्याच चित्राच्या खोक्यासकट, कधीपासून शोधत होता. कपाटात इथली डिस्क तयार होती. काकांनी खोकं सोडलं नाही. घट्ट धरून म्हणाले, "आहे. आहे." काकूंनी एकीकडून बोटं सोडवली, रिजननं दुसरीकडून. "काका, हीच आहे, फक्त वाचता येणारी," असं म्हणून त्यानं त्यांच्या खांद्यावर थोपटलंही. संध्याकाळी डॉक्टर खोकं घेऊन गेला. रिजन त्या दिवशी शीळ घालत होता, ते मला आठवतं, कारण त्याची शीळ बेसूर आहे.

पुढे काही दिवसांनी काकू काकांना घेऊन माझ्याकडे आल्या.

"नंबर वाढला का बघा. टीव्हीकडे बघतात आणि नुसती मान हलवतात. खेळतच नाहीत."

मी तपासलं. डोळे ठणठणीत होते, तसं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्या स्टुलावर बसून राहिल्या.

"म्हणजे मग डोक्यातच आहे," त्या म्हणाल्या. "आपण वसवलेलं गाव स्वतःच पुसून बसले आणि विसरले हो हे. पडद्यावर नुसती रिकामी वाळू, आणि हे बोट दाखवून आहे आहे करत बसतात. मी रोज समजावते, अहो, काही नाहीये आता तिथे. मग चिडतात. परवा मी कामावर असताना दार उघडून बाहेर गेले, सिग्नलजवळ सापडले. मुलगी म्हणते, आई, आता तुझ्याच्यानं होणार नाही, बाबांना संस्थेत ठेवू. सोमवारी तिथली बाई बघायला येणार आहे."

काका माझ्या काउंटरवरचा आरसा न्याहाळत होते. भिंतीपलीकडे नेहमी काही ना काही खुडबुड चालू असते, ती थांबली होती.

ते दोघं गेल्यावर रिजन माझ्या दारात आला. चेहरा पांढराफटक.

"मी विचारलं नाही," तो म्हणाला.

"काय?"

"सेव्ह. गाव आहे, दादा. तसंच्या तसं मशीनमध्ये आहे. ह्या डिस्कला ते दिसत नाही एवढंच. काका बरोबर सांगतायत."

माझं डोकं फिरलं. "अरे मग इथे काय उभा राहिलास? त्या माणसाला वेडा ठरवून घराबाहेर काढायला निघालेत."

"विसरलो असतो तर गोष्ट वेगळी होती," तो म्हणाला. "शब्द जिभेवर आला होता. पण विचारलं असतं तर काकू डिस्क घेऊन परत गेल्या असत्या. म्हणून गिळला."

मी नुसता लेन्स पुसत राहिलो.

रिजन तडक वर खोकं परत मागायला गेला, पण डॉक्टर पैशाला बधला नाही. त्याला हवं होतं रिजनच्या काचेच्या कपाटातलं जुनं मशीन, रिजनच्याच वारलेल्या थोरल्या भावानं पहिल्या पगारातून आणलेलं. त्यावर कधीपासून 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी होती. रिजननं चिठ्ठी काढली आणि मशीन उचलून वर नेलं. खाली आला तेव्हा हातात ते खोकं होतं.

"काकूंना काय सांगणार आहेस?" मी विचारलं.

"मशीन बिघडलं होतं म्हणेन. चालू झालं की झालं. त्यांना आणखी त्रास कशाला?"

"त्यांना त्रास नको की तुला?"

त्यानं खोकं काखेत मारलं. मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्याच्याबरोबर निघालो. तिथे त्याची जीभ पुन्हा शब्द गिळायला लागली तर कुणीतरी असायला हवं, एवढाच माझा हेतू.

काकूंच्या घरी खुर्चीत काका बसले होते, समोर टीव्ही बंद. कोपऱ्यात एक बॅग अर्धी भरलेली होती, वर घड्या घातलेले सदरे. रिजननं ती पाहिली आणि नजर चुकवली. गुडघ्यांवर बसून त्यानं डिस्क बदलली. पडद्यावर निळं पाणी आलं, मग गाव आलं. घरं खरंच चारच होती, आणि त्यांना वेढे घालत गेलेले रस्ते, कडेला ओळीनं लावलेली झाडं, प्रत्येक वळणावर एक बाक. बसथांबेच म्हणायचे.

काकांनी गावाकडे पाहिलं नाही. आधी बायकोकडे पाहिलं. मग बोट उचलून म्हणाले, "आहे."

काकूंचा हात तोंडावर गेला. "म्हणजे ह्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही?"

"नाही," रिजन म्हणाला. इथे तो सुटू शकत होता. मी खाकरलो, पण त्याची गरज पडली नाही. "काकू, मशीनला काही झालं नव्हतं. चूक माझी आहे. डिस्क बदलली की जुनं गाव दिसणार नाही, हे मला माहीत होतं. ते खोकं मला हवं होतं, म्हणून मी बोललो नाही."

मला वाटलं, त्या त्याला फाडून खातील. तशी माझी इच्छाही होती. पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या काकांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या.

"मी ह्यांना रोज सांगत होते, काही नाहीये म्हणून," त्या म्हणाल्या. "काल तर ह्यांच्यावर ओरडले मी. हातातला रिमोट ओढून घेतला."

"आहे," काका म्हणाले.

"आहे हो. आहे."

मग त्या उठल्या, बॅगेतले सदरे एकेक करून कपाटात लावायला लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मला विचारलं असतंत तरी मला सेव्ह म्हणजे काय ते कळलं नसतं. ह्यांना विचारायचं होतंत. ह्यांनी तर न विचारता सांगितलं होतं."

रिजननं मान खाली घातली. त्यानं रिकामं खोकं दोन्ही हातांनी काकांसमोर धरलं. काकांनी ते घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, चित्र ओळखलं, आणि खुर्चीत मांडीखाली सरकवलं. मग दोन्ही हात मोकळे करून ते पडद्यावरच्या आपल्या रस्त्याला लागले.

आम्ही निघालो. बसा, चहा घ्या, असं कुणी म्हणालं नाही. "येतो काका," म्हणून रिजन निरोप घ्यायला वाकला, तेव्हा काकांनी खेळ थांबवला आणि खोक्यावरची मांडी आणखी घट्ट दाबली.