मांजराच्या बाजूचे मामा

हसता हसता खुर्चीवरून खरोखर खाली पडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. लग्नानंतर पहिल्यांदा जोडीनं सीमाभागातल्या वडगावला त्यांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा टीव्हीवर कार्टूनमधलं मांजर उंदरामागं धावत होतं. उंदीर भिंतीतल्या बिळात शिरला, मांजर भिंतीवर आदळून पापडासारखं चपटं झालं आणि मामा खुर्चीसकट आडवे. मी घाबरून पुढं धावलो, तर बायकोनं बाही धरून सांगितलं, "राहू दे, ते आपले आपण उठतात." आणि खरंच उठले. लुंगी झाडत म्हणाले, "या जावई, बसा. आता ते इस्त्री घिऊन येतंय बघा." मांजर खरंच इस्त्री घेऊन आलं. पाया पडायचं राहिलं ते राहिलंच.

मामांचे चार यंत्रमाग आहेत. राहत्या घराला लागूनच मागाची खोली, त्यात साड्या विणतात. चाळीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर माणसाचे कान जसे व्हायचे तसे त्यांचे झालेत. मालिका बघाव्यात तर "सगळी नुसती तोंडं हलवत्यात", बातम्यांचं तेच. ही जुनी कार्टून मात्र त्यांच्यासाठीच कुणीतरी करून ठेवल्यासारखी. कुणी चकार शब्द बोलत नाही. एक पळतो, दुसरा पाठलाग करतो, काहीतरी फुटतं. "ह्यात मराठी न्हाय, कन्नड न्हाय. भाषेचं भांडणच न्हाय," असं ते मोठ्या समाधानानं सांगतात. दुपारचे चार वाजले की चारही माग बंद आणि टीव्ही सुरू, तोही आवाज पूर्ण वाढवून. ऐकू येत नसताना हा अट्टहास कशाला, असं मी एकदा खुणेनं विचारलं. तर म्हणाले, "कानात न्हाय, छातीत वाजलं पायजे." त्यामुळं मांजरानं फुलदाणी फोडली की ते अख्ख्या गल्लीला कळतं.

बघणारे सगळे उंदराच्या बाजूचे असतात, मामा मांजराच्या. त्यात तडजोड नाही. "उंदराला काय वो? आयतं चीज खायाचं आन् बिळात झोपायचं. मांजर बघा, सकाळधरनं ड्यूटीवर हाय." मामी अर्थातच उंदराच्या बाजूला. "एवढासा जीव त्यो, त्याच्या मागं लागतंय मुडदं," असं त्या हाताच्या खुणांनी सांगायच्या आणि मामा त्याहून मोठ्या खुणांनी उत्तर द्यायचे. कार्टूनमधून त्यांनी काही शास्त्रही काढलं आहे. मांजर पळता पळता कड्याच्या पुढं जातं, हवेत थोडा वेळ उभं राहतं आणि खाली बघितल्यावरच पडतं, हे त्यांनी बारकाईनं हेरलेलं. तेव्हापासून शिडीवर चढताना ते खाली बघत नाहीत. कौलं परतताना असंच न बघता पाय टाकला आणि सुताच्या पोत्यावर येऊन बसले. त्याचा दोष त्यांनी शिडीला दिला.

एकदा खरा उंदीर मागाच्या खोलीत शिरला. सुताला खळ लावतात ती पिठाची, आणि उंदीर तीवर जगायला लागला. मामांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. दोन दिवस खपून त्यांनी दोरी, कप्पी आणि लाकडी हातोडा यांचा एक सापळा उभारला. उंदरानं खोबऱ्याला तोंड लावलं की वरून हातोडा पडणार, अशी योजना. तेवढ्यात निपाणीकडचे एक जैन व्यापारी साड्या बघायला आले. त्यांनी तो हातोडा बघितला आणि छत्री आडवी धरून सापळ्यासमोर उभे राहिले. "बेड री, बेड! नको हो! जीव हाय त्यो अण्णा, मारू नका!" घरी आलेल्या व्यापाऱ्याचा शब्द मोडायचा कसा? मग उंदीर जिवंत धरायचं ठरलं. मामा वेताची बुट्टी घेऊन एका बाजूनं, व्यापारी छत्री घेऊन दुसऱ्या बाजूनं. चार मागांभोवती दोघांनी किती फेऱ्या मारल्या कुणास ठाऊक. शेवटी कोपऱ्यावर दोघांची टक्कर झाली, व्यापाऱ्यांच्या डोक्यावर बुट्टी बसली, मामांचा पाय दोरीत अडकला आणि हातोडा रिकाम्या जागेवर पडला. उंदीर दारातून शांतपणे निघून गेला. व्यापारी बुट्टीतून म्हणाले, "गेला न्हवं? चांगलं झालं." पुढं महिनाभर मामा येईल त्याला ही गोष्ट साभिनय दाखवत होते.

या घरात कुणी कुणाला हाक मारत नाही. मागावर हाक ऐकू येत नाही म्हणून विणकर हातानं, ओठांनी बोलतात, आणि मामा-मामींनी ती सवय घरात आणली. टीव्हीवर एक लाल दिवा आहे. त्याचं बटण स्वयंपाकघरात. मामांनी स्वतः वायर ओढली. एकदा लुकलुकला तर चहा, दोनदा तर पाहुणे, आणि लागोपाठ लुकलुकत राहिला तर मामी चिडल्या आहेत असं समजून ताबडतोब आत जायचं.

गेल्या गणपतीनंतरची गोष्ट. उद्यमबागेतल्या फौंड्रीत पाळी संपवून पिरनवाडीला घरी जाताना बायकोनं दिलेला डबा पोचवायला मी मामांकडं वळलो. मामा कार्टून बघत बसले होते. "बसा, दिवा लागंल आत्ता, च्या येईल." मी बसलो. मांजराच्या शेपटीला सुरुंग लागला होता. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. एक कार्टून संपलं, दुसरं संपलं, दिवा काही लागला नाही. मधे क्षणभर टीव्ही गप्प झाला आणि आतून बारीक कण्हण्याचा आवाज आला.

मामी न्हाणीत घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. पाऊण तास त्या ओल्या फरशीवर होत्या, आणि बटण स्वयंपाकघरात. मी उचलायला वाकलो तेव्हा म्हणाल्या, "तुमी दोगं हसताय ते ऐकू येत हुतं. म्हटलं, संपल्यावर येत्याल." मामांनी माझा दंड धरून विचारलं, "काय म्हणती? काय म्हणती?" मी फक्त रिक्षा आणायची खूण केली. ते सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं.

ऑपरेशन झालं, सळई बसवली. चालता येईल की नाही ते डॉक्टर नक्की सांगेनात. कानाच्या मशीनचं नाव काढलं की "मागावर काय ऐकायचंय?" म्हणून वर्षानुवर्षं उडवून लावणारे मामा एका सकाळी कुणालाही न सांगता जाऊन मशीन लावून आले. मामी पडल्यापासून मामांनी टीव्हीवर साडी टाकून ठेवली होती. ती मामींनीच काढायला लावली. "माझं हाड मोडलंय, डोळं न्हाईत मोडलं. लावा की अवो." मामांनी टीव्ही लावला. मांजर कड्यावरून पडलं, चपटं झालं, उठून पळालं. मामा माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "खोटं हाय वो जावई. असं कोण उठत न्हाय." मला फार वाईट वाटलं. त्यांच्याबरोबर त्या दिवशी मीही हसलो होतो.

मामी आता वॉकर घेऊन चालतात. मागच्या आठवड्यात गेलो तर चार वाजून गेले होते, माग बंद होते आणि टीव्हीवर पळापळ चालली होती. पण आवाज नव्हता. मला राहवलं नाही. "मामा, कान नव्हते तेव्हा गल्ली हादरवलीत. आता मशीन आहे तर आवाज बंद?"

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. आत स्वयंपाकघराकडून न्हाणीकडं वॉकरची टकटक चालली होती. ती मधेच थांबली, तसे मामा खुर्चीतून अर्धे उठले. थोड्या वेळानं पाणी ओतल्याचा आवाज आला, मग पुन्हा टकटक सुरू झाली आणि हळूहळू स्वयंपाकघरात परत गेली.

"आली भाईर," मामा म्हणाले आणि मागं टेकून बसले. "आवाज ठिवला तर हिनं हाक मारल्याली कशी ऐकू येणार?"

टीव्हीवर काय चाललं होतं ते आम्हा दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.