लाल, निळा आणि चार पिस्टन

माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका जुळली, उंची जुळली, शिक्षण जुळलं. जुळला नाही तो ट्रॅक्टर. माहेरी अणदूरला निळा, सासरी तामलवाडीला लाल. कंपन्यांची नावं मी सांगत नाही, कारण आमच्याकडं ती कुणी घेतच नाही. रंग सांगितला की कळतं, आणि दुसरा रंग सांगितला की भांडण लागतं.

इंजिनाचा भरवसा मोजायचं आमच्या भागात एकच माप: खोललं का? म्हणजे गॅरेजात नेऊन, हेड उतरवून, आतले पिस्टन बदलावे लागले का? माणसाची किती ऑपरेशनं झाली हे कुणी विचारत नाही, पण इंजिन खोललं तर बातमी चार गावं फिरते. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, आणि माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, या दोघांचे ट्रॅक्टर एकाच वर्षी घेतलेले आणि दोन्ही न खोललेले. सुपारी फोडायच्या बैठकीत पोरगी-पोरगा राहिले बाजूला, इंजिनंच पुढं आली.

"आमचा अर्ध्या सेल्फला चालू व्हतो," दादा म्हणाले.

"आमच्याला सेल्फ लागतच न्हाय," मामा म्हणाले.

खरंच लागत नव्हता. कारण मामा लाल ट्रॅक्टर रोज घरासमोरच्या उतारावर लावत. सकाळी ब्रेक सोडला की तो गडगडत खाली जायचा आणि गिअर टाकला की धडधडायला लागायचा. हे मला लग्नानंतर कळलं. आणि निळ्याला थंडीत गरम पाण्याची बादली लागते, हे मी लहानपणापासून बघत आले होते. पण माहेरची अब्रू! मी तोंडाला कुलूप लावलं.

त्या बैठकीत बोलण्यात बोलणं वाढलं आणि दोघांनी चक्क खंडोबाचा बेल-भंडारा उचलून शपथ घेतली. ज्याचं इंजिन आधी खोललं जाईल, त्यानं स्टेअरिंग सोडायचं. कायमचं. पोरानं चालवायचं आणि आपण बांधावर बसून बघायचं. मंडळी पोट धरून हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण मला दादा माहीत होते.

दादांच्या उजव्या गुडघ्यात काही राहिलेलं नाही. घरात भिंत धरून चालतात. "ब्रेक मारायची मला गरजच पडत न्हाय," असं वर तोंड करून सांगतात. पण एकदा का सीटवर बसले की पाठ ताठ, टोपी तिरकी, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक. खाली उतरले की म्हातारे. माझा भाऊ कधीपासून म्हणतोय, दादा, आता द्या माझ्याकडं. दादांचं एकच उत्तर: "इंजिन थकलं का? मग म्या बी न्हाय."

या संक्रांतीच्या आधी वहिनीचा फोन आला. आवाज एकदम बारीक.

"वन्सं, कुणाला बोलू नगा. निळा लई धूर मारत व्हता. तुळजापूरला नेलाय. खोललाय."

"आणि दादा?"

"दोन दिस जेवलं न्हाईत. गावात सांगितलंय की पाव्हण्याला नांगरटीला दिलाय. आन् खंडोबाच्या देवळाम्होरनं जायचंच सोडलंय. मागच्या बोळानं जातात."

अगं बाई! मला हसावं की रडावं कळेना. देवाला चुकवून बोळातनं लंगडत जाणारे दादा डोळ्यांपुढं आले आणि मी रडलेच. सासरी कळलं तर संपलंच. स्टेअरिंग गेलं म्हणजे दादा गेले, असंच मला वाटत होतं.

आणि त्याच आठवड्यात मामांना हायड्रॉलिकचा पाईप आणायचं सुचलं. कुठून? तुळजापूरच्या त्याच गॅरेजातून. मी म्हटलं, फोन करून मागवा की. म्हणाले, "पाईप काय फोनवर दिसतो व्हय?" गेले. दिवसभर माझा जीव टांगणीला.

संध्याकाळी आले. पिशवी जड दिसत होती, ती गुमान गोठ्यात ठेवली. चहा प्याले, जेवले, झोपायला गेले. जेवताना निळ्याला एकसुद्धा शिवी दिली नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, असं कधी घडलं नव्हतं. मी आपली खुळी, वाटलं, चला, दिसलं नाही त्यांना काही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी लाल ट्रॅक्टरचं बॉनेट उघडलं, खाली पोतं अंथरलं आणि त्यावर चार काळेकुट्ट पिस्टन ओळीनं मांडले. मला हाक मारली.

"फोटो काढ. तुझ्या दादाला पाठव. लिव्ह की लालचं इंजिन खोललं. म्या हरलो."

"मामा, आत्ता तासाभरापूर्वी तर चालू होता की!"

"तू गप फोटो काढ. लई बोलू नगंस."

सासूबाई दारातनं बघत होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला आणि आत गेल्या. मी फोटो पाठवला. आता दादांचा जल्लोषाचा फोन येणार, असं धरून बसले. फोन आला, पण दादांनी जल्लोष केलाच नाही.

"माय, त्यो दुसरा पिस्टन बघ. कडंला टवका गेलाय का?"

"हो दादा."

"त्यो माझा हाय. माझ्या हातानं भंगारात टाकलाय म्या. तुझ्या सासऱ्याला पिस्टनातलं शाट कळत न्हाय. दोन्हीची मापंच येगळी हाईत." मग आवाज एकदम पडला. "माझ्यापायी हरायला निघाला का गं त्यो?"



चौथ्या दिवशी निळा आमच्या दारात उभा. दादा एकटेच चालवत आले होते. इंजिन नुकतंच बांधलेलं, आवाज घट्ट. उतरले, भिंत धरत मामांपाशी आले आणि किल्ली त्यांच्यापुढं धरली.

"पाव्हणं, भंडारा उचललाय. म्या हरलो. ही घ्या."

मामांनी किल्लीकडं बघितलं, निळ्याकडं बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"असलं खोललेलं भंगार आमच्या दारात नगं. न्या माघारी. तुमीच चालवा."

"आन् शपथ?"

"माझ्याबरोबर घेतली ना? मग म्याच सोडवतो. रविवारी अणदूरला येतो, दोघं मिळून देवाला सांगू. तवर देवळाम्होरनं जावा, बोळानं नगं."

म्हणजे वहिनीनं मामांनाही फोन केला होता. दादांनी किल्ली परत खिशात टाकली. मी चहा आणायच्या निमित्तानं आत पळाले आणि पदर तोंडाला लावून रडून घेतलं. दोन म्हातारी माणसं, बारा वर्षं एकमेकांचं इंजिन काढत बसलेली, आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की हे भांडण आहे.

चहा झाला. दादा सीटवर चढले, पाठ ताठ, टोपी तिरकी. सेल्फ मारला. घर्र. पुन्हा मारला. घर्र. निळा सपाट जागी लावलेला आणि बॅटरी जुनीच.

"उतारावर लावायचा असतो," मामा इतक्या गोड आवाजात म्हणाले की मला त्यांचा रागच आला.

मग साखळी निघाली. पुढं लाल, मागं निळा, दोन्हींवर दोन म्हातारे. लाल ओढत ओढत गल्लीच्या टोकाला गेला, तेव्हा मागचा निळा एकदाचा धडधडला. दादांनी क्लच दाबून धरला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले:

"पाव्हणं! आमचं वझं वढून तुमचं इंजिन खोललं, तर फोटो पाठवा! पर या टायमाला पिस्टन सोताचं ठिवा!"