तणाला सरळ कड

आमच्या आत्याला विद्यापीठातून काढून टाकलंय आणि आता ती तिथंच गवत उपटायला जाते, अशी बातमी आमच्या जिन्यात फिरत होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ती वर आणली. "एवढं शिकून सवरून शेवटी खुरपंच आलं हो हाती!" हे मी त्यांच्याच सुरात, नाकातून, घरी करून दाखवलं. आईबाबा हसले. आत्या म्हणाली, "उपटत असते तर प्रश्नच नव्हता, पोपटा. मी उपटत नाही, म्हणून तर भांडण आहे."

पोपट म्हणजे मी.

तर खरं असं, की आत्याने तणांवर डॉक्टरेट केली आहे. तण कुठे येतं, कुणाच्या शेजारी येतं, आणि सारखं न फवारता, न उपटता त्याच्यासोबत कसं नांदायचं, हा तिचा विषय. एवढं लिहूनही मला तो कळलाय असं नाही. बाबा लोकांना सांगतात, "शेतीतलं काहीतरी." आई सांगते, "बागेतलं." आणि खुद्द आत्याला विचारावं तर ती चष्मा कपाळावर सारते आणि म्हणते, "तसं ठरवून सांगता येत नाही."

"आत्या, हे तण आहे का?"

"कुठे उगवलंय त्यावर आहे."

"आत्या, जेवायला येतेस का?"

"तसं ठरवून..."

फिरून आल्यावर ती मोज्यांना चिकटलेलं बी चिमट्याने काढून ट्रेमधल्या मातीत पेरते आणि "बघू कोण पाहुणे आलेत" म्हणून वाट पाहते. आई ते मोजे वेगळे धुते.

डॉक्टर झाल्यापासून ती कंत्राटावरच आहे. एका गावचं संपलं की दुसरं गाव. म्हणून तिची बॅग पलंगाखाली नेहमी अर्धी भरलेली. हे कंत्राटही या हंगामाबरोबर संपणार होतं, आणि ते वाढणं न वाढणं एका पट्ट्यावर होतं. वाचनालयाच्या भिंतीपासून रस्त्याच्या कुंपणापर्यंत तिने जमीन मोकळी सोडली होती. तिथे येईल ते येऊ द्यायचं. बी धरेपर्यंत ते टिकलं तर काम पुरं. मध्येच कापलं तर पट्टा गेला, आणि आत्याही गेली.

शाळा शेजारीच, म्हणून सुटल्यावर मी तिच्या खोलीत बसते. दोरीला टांगलेल्या कागदी पिशव्या, रोपं वाळवायची भट्टी, आणि खुर्चीवर कायम काहीतरी टोचणारं. त्या दिवशी तिथे विभागप्रमुख आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, हे संशोधन आहे हे मला समजतं. पण ते संशोधनासारखं दिसायला नको का?"

"म्हणजे कसं दिसतं संशोधन?" आत्याने अगदी मनापासून विचारलं.

त्यांनी दोरीवरची एक पिशवी हलवून पाहिली. मग म्हणाले, "ते काही असो. पुन्हा तक्रार आली, तर मी सरळ यंत्र फिरवणार."

तक्रार म्हणजे तक्रारकाका. रस्त्यापलीकडे राहणारे निवृत्त गृहस्थ. "मी काही बोलत नाही हं," असं म्हणून ते बोलायला लागतात. "मी काही बोलत नाही हं, पण हे जंगल कुणाचं? साप निघाला तर? आमच्या वेळी असं नव्हतं हं!"

दुसऱ्या दिवशी आत्याने माळीदादांकडून गवत कापायचं यंत्र मागून घेतलं. हरली बिचारी, असं वाटलं. पण तिने पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना सुतळी ताणली आणि हातभर रुंदीची कड तेवढी कापली, सरळ, भांग पाडल्यासारखी. मधलं झिपरं जसंच्या तसं. मग पट्ट्याकडे तोंड करून एक बाक ठेवला.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. कुणीतरी मुद्दाम ठेवलंय असं दिसलं, की लोकांना पुरतं."

"काहीतरीच! शुक्रवारपर्यंत काका तक्रार घेऊन येतात की नाही बघ. पैज!"

मी जिंकले तर माझ्या एका प्रश्नाचं तिने सरळ उत्तर द्यायचं, 'हो' किंवा 'नाही'. हरले तर काकांची नक्कल काकांसमोर करायची. माझा प्रश्न ठरलेला होता: तू इथेच राहणार ना?

आणि शुक्रवारी काका आले! विभागप्रमुखांच्या दारात उभे, आणि आत्या नि मी तेव्हा आतच होतो. "मी काही बोलत नाही हं, पण मला तक्रार करायची आहे."

मी आत्याचा हात गच्च धरला. पैज जिंकल्याचा आनंद व्हावा की रडू यावं, तेच कळेना.

"काल दोन पोरं त्या झाडोऱ्यात शिरून तुडवत होती. एवढं छान राखलंय, जरा पाटी लावा की! आधी नुसतं जंगल होतं. आता काय लावलंत हो, मॅडम, नवीन?"

"काही नाही," आत्या म्हणाली.

"विनय आहे त्यांचा," काका प्रमुखांना म्हणाले.

प्रमुख एकदा काकांकडे, एकदा खिडकीबाहेर बघत राहिले. तेच तण, तेच काका. शेवटी म्हणाले, "बरं. पट्टा राहू दे पुढच्या हंगामातही."

"आणि मी?"

"आता पट्टा आहे म्हटल्यावर... कंत्राट वाढवायलाच हवं."

घरी मी भांडले. तक्रार आली म्हणजे मी जिंकले! आत्या म्हणाली, "तसं ठरवून सांगता येत नाही." पंच आई. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "राखा म्हणून सांगतात ती कसली तक्रार? ती शिफारस. पोपट हरला."

सोमवारी काका बाकावर बसले होते. मी पुढे उभी राहिले, हात मागे बांधले, मान तिरकी केली आणि "मी काही बोलत नाही हं" पासून सापापर्यंत सगळं केलं. काका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"वा गं! अगदी हुबेहूब," ते म्हणाले. "तुमचे विभागप्रमुख ना?"