मशीन मागायला गेलो नाही ते दोन दिवस

मी दापोड्याच्या एका गाळ्यात डिस्पॅच बघतो. गाळा म्हणजे आमच्याकडे गोदाम. कुठली गाडी आधी लागेल आणि कुठली थांबेल, हे ठरवणं माझं काम. ड्रायव्हर लोक मला खडूस म्हणतात आणि ते खरं आहे. नंबर सोडून कुणी गाडी पुढे घातली की माझं डोकं फिरतं. म्हणूनच कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या भागात ऑक्सिजनची दोन मशिनं आली, तेव्हा ती कुणाला द्यायची हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मशिनं दिली होती निजामपुऱ्यातल्या एका लूमवाल्या शेटनं. त्याचं कापड आमच्या गाळ्यातून जायचं. लूम बंद, कारागीर मुलखाला गेलेले, आणि त्याचा सख्खा भाऊ दवाखान्यात खाट मिळायच्या आतच गेलेला. टेम्पोतून मशिनं उतरवताना तो म्हणाला, "भाई, लिस्ट तुम रखो. तुम किसीकी सुनते नहीं. मेरा आदमी बोले तो भी मत सुनना." मला त्या बोलण्याचा अभिमान वाटला. आज सांगायला लाज वाटते, पण वाटला होता.

ही मशिनं विजेवर चालायची. हवेतला ऑक्सिजन ओढून नळीनं नाकात सोडायची. दवाखान्यांत जागा नव्हती, सिलिंडर भरायला दिवस दिवस रांगेत उभं राहावं लागायचं, त्यामुळे घरी धापा टाकत पडलेल्या माणसाला हाच आधार. मी नियम सोपा केला. डॉक्टरची चिठ्ठी आणायची, माझ्या वहीत नाव लिहायचं, नंबर घ्यायचा. एका घरातलं मशीन सुटलं की पुढच्या नंबराला. पहिल्याच दिवशी गावातल्या एका बड्या जमीनवाल्याचा फोन आला. "तुझा गाळा कुणाच्या जमिनीवर उभा हाय, ठाऊक हाय ना?" मी म्हणालो, "ठाऊक आहे. तुमचा नंबर सहा." फोन ठेवला आणि बाजूच्या माणसाला मोठ्या तोऱ्यात सांगितलंही.

चार दिवसांनी माझी धाकटी बहीण आजारी पडली. दिघाशीला दिलेली. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे दाजींनी, डॉक्टरची चिठ्ठी मोबाईलवर पाठवली. मी तिचं नाव इतरांसारखंच खाली लिहिलं. दाजी रडकुंडीला आले होते. "दादा, तुज्या हातात हाय सगला." मग तिनं फोन घेतला. दोन शब्द बोलायची, थांबायची, असं चाललं होतं. "दादा... माजा नंबर पुडं नको आनू. लोकं तुला बोलतील." तिनं असं म्हटलं म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. ती वाचावी याच्यापेक्षा माझी वही स्वच्छ राहावी, हे मला त्या घडीला जास्त महत्त्वाचं वाटलं असेल का, हा प्रश्न मी आजवर स्वतःला नीट विचारलेला नाही.

नंबर सरकत गेले. कुणी बरं झालं, कुणाला ठाण्याला खाट मिळाली. शेवटी तिच्या पुढे एकच नाव उरलं, आमच्याच आळीतले एक म्हातारे शेतकरी. एक मशीन त्यांच्याकडे होतं. दुसरं एका बाईकडे होतं आणि तिला ते आणखी आठवडाभर लागणार होतं. म्हणजे म्हातारबाबांचं मशीन सुटलं की माझ्या बहिणीला.

मंगळवारी सकाळी म्हातारबाबा गेले.

आता सांगतो ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. ज्या घरातून मयत निघाली, त्या घरातून कुणी काही मागून आणत नाही. निदान तिसऱ्या दिवशी राख सावडेपर्यंत तरी नाही. शेजारी तिथं भाकरी-पिठलं घेऊन जातात, तिथलं काही उचलून आणत नाहीत. आणि मी कुणासाठी मागायला जाणार होतो? स्वतःच्या बहिणीसाठी. आळीत काय बोलले असते, ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. म्हातारा कधी मरतो याची वाटच बघत होता. स्मशानातून परत येताना मी त्यांच्या अंगणापर्यंत गेलो. दाराच्या फटीतून त्यांची म्हातारी खाली बसलेली दिसली. मी तसाच मागे फिरलो.

संध्याकाळी दाजींचा फोन. "दादा, अजून किती हायेत तिच्या पुडं?"

"एक आहे," मी म्हणालो. म्हातारबाबांचं नाव मी वहीतून अजून खोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं, पुन्हा मी तेच सांगितलं. ऑक्सिमीटरचा आकडा ऐंशीच्या खाली गेला होता. दाजींनी कुठून तरी एक लहान सिलिंडर भरून आणला होता, तो अर्ध्या दिवसात संपला. मी गाळ्यात बसून होतो. हातात काम नव्हतं. मशीन माझ्या घरापासून शंभर पावलांवर होतं आणि मी उद्या सकाळची वाट बघत होतो. शिष्टाचार म्हणून.

गुरुवारी राख सावडून झाल्यावर मी गेलो. मी काही मागायच्या आत म्हातारीनंच ओटीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. मशीन तिथं स्वच्छ पुसून, नळी गुंडाळून, धुतलेल्या लुगड्यात बांधून ठेवलेलं होतं.

"हे गेले त्याच सांजंला बांदून ठेवलाय," ती म्हणाली. "तुजीच वाट बगत व्हते. सुतकाच्या घरातनं मी कसा धाडू कुनाकडं? वाटलं, तूच येशील. का न्हाय आलास रे?"

तिला मागायला मी लाजलो आणि माझ्याकडे धाडायला ती लाजली. दोघंही रीत सांभाळत बसलो होतो. मी मशीन मोटरसायकलच्या मागे बांधलं आणि दिघाशी गाठली.

बहिणीनं मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. मशीन लावलं, आकडा थोडा चढला, दाजींनी देवाला हात जोडले. शुक्रवारी सकाळी ती गेली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच गेली होती, दोन दिवस आधी लावलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येणार नाही. सांगता येणार नाही, हेच मला छळतं. नक्की मेली असती असं तरी कुणी म्हणायला हवं होतं.

मी त्याच तासात मशीन बंद केलं. तिच्या नाकातली नळी माझ्या हातानं काढली, पुसली, आणि ते उचलून बाहेर नेऊ लागलो. पुढचा नंबर एका हमालाचा होता. दाजी दारात आडवे आले. "दादा, तिचा अंग तरी गार होऊं दे! मानूस हायस का कोन?" बायका रडायच्या थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. मी दाजींना बाजूला सारलं आणि निघालो. हमाल वाचला. आजही आमच्या बाजूच्या गाळ्यात पोती वाहतो, मला बघितलं की लांबून नमस्कार करतो, आणि मी मान दुसरीकडे वळवतो.

दाजी माझ्याशी तीन वर्षं बोलले नाहीत. तिच्या वर्षश्राद्धालाही मला निरोप नव्हता. मला ते बरंच वाटायचं. काही तरी शिक्षा चालू आहे असं वाटायचं.

मागच्या वर्षी ते अचानक घरी आले. केस पिकलेले. बायकोनं चहा ठेवला. दाजी कप न उचलताच उठले आणि माझ्या पायाशी वाकले. "दादा, त्या दिवशी मी नको ते बोललो. आता कलतंय मला. तू सख्ख्या भनीसाठी पन नंबर मोडला न्हाय. तुज्यावानी सरल मानूस मी बगितला न्हाय. माफ कर."

मी त्यांना धरून उठवलं. खरं सांगायची वेळ तीच होती आणि समोर माणूस तोच होता.

"जाऊ द्या दाजी," मी म्हणालो, "चहा गार होतोय."