फेरविचारासाठी परत

श्यामला दांडेकरांना अध्यक्ष व्हायचंच नव्हतं. पण बालीगंजमधल्या त्या छोट्या मराठी मंडळात सगळ्यांत ज्येष्ठ त्याच, शिवाय जन्म कोलकात्यातला, म्हणून सगळ्यांनी गळ घातली. "काकू, तुम्ही फक्त सह्या करायच्या," कार्यवाह अनीश म्हणाला. तो रेल्वेतला अधिकारी, बदलीवर आलेला.

फक्त सह्या! शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना त्या मुलींना जन्मभर हेच सांगत आल्या होत्या: कागदावर सत्ता राष्ट्रपतींची, कारभार मंत्रिमंडळाचा. मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक असल्याचं घटनेत सुरुवातीला स्पष्ट लिहिलेलंही नव्हतं, तरी तो पाळला जाई. "आणि नाही पाळला तर?" एखादी मुलगी विचारायची. श्यामलाताई हसून पुढच्या धड्याकडे वळायच्या.

आता तोच प्रश्न त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. कार्यकारिणीने ठराव केला: रविवारचा मराठी वर्ग बंद, खोली एका खाजगी शिकवणीला भाड्याने. वर्ग चालवणारी सुधा रडवेली होऊन आली.

"ताई, अध्यक्षांच्या सहीशिवाय ठराव लागू होत नाही. नियमात आहे. तुम्ही सहीच करू नका!"

"नियमात आहे गं. पण आजवर एका तरी अध्यक्षाने सही नाकारलीय का? मला बसवलंय ते मानासाठी. कारभारासाठी त्यांना निवडलंय."

सुधा गेली आणि श्यामलाताईंचं कशातच लक्ष लागेना. भाजी आणायला गडियाहाटला गेल्या नि रिकामी पिशवी घेऊन परतल्या. सही करावी तर वर्गातली पोरं डोळ्यांपुढे येत. न करावी तर आपलंच शिकवणं खोटं पडे. शिवाय सही कधीपर्यंत करायची, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ठराव नुसता दाबून ठेवता आला असता. हे सुचलं तेव्हा त्या स्वतःलाच घाबरल्या.

शेवटी बस पकडून त्या गार्डन रीचला अनीशच्या ऑफिसात जाऊन धडकल्या. "हा ठराव परत ने. सगळे मिळून पुन्हा एकदा विचार करा. वर्ग बुडाला तर ही मुलं आजीशीही हिंदीत बोलतील. एवढं ऐकून पुन्हा हाच पाठवलात, तर सही करीन."

अनीश गोंधळला. "असं आधी कुणी केलं नव्हतं, काकू."

"माहीत आहे मला."

बैठकीत बरीच वादावादी झाली आणि ठराव जसाच्या तसा परत आला. श्यामलाताईंनी सही केली. सुधाने त्यांचे फोन घेणं बंद केलं.

पुढच्या बैठकीआधी मात्र अनीश घरी आला. "वाचनालयाचा विषय आहे, काकू. ठरवायच्या आधी तुमच्या कानावर घालतो." मग तो दर वेळी येऊ लागला. असा काही नियम नव्हता. श्यामलाताई मोकळेपणी बोलत, कधी बजावत. कधी त्यांचं ऐकलं जाई, कधी नाही.

तरी रविवार उजाडला की त्यांना घरात बसवेना. एकदा सुधाच्या दारापर्यंत जाऊन त्या बेल न वाजवताच परतल्या. पुढच्या रविवारी वाजवली. सुधाने दार उघडलं, चहा केला. वर्गाचं नाव दोघींनीही काढलं नाही.