अकराचे पोहे

डॉक्टर पहिल्यांदा घरी आले, तेव्हा मी आधी पलंगावरची चादर बघितली आणि मग त्यांना. चादर विटलेली होती. खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली चौसष्ट वर्षांची बाई, उठायचं तर वॉकर धरून, आणि तिला काळजी कशाची, तर चादरीची! पण मी भिंगारच्या लष्करी छावणीत जन्मभर गणवेश शिवले. वाकडी शिवण आणि विटलेली चादर मला आजही बघवत नाही.

मुलगा पुण्याला असतो. त्याने आधीच बजावलं होतं, दोन महिने घरी उपचार करून बघू, पाय सुधारला नाही तर घराला कुलूप आणि आई पुण्याला. तो वाईट नाही. पण त्याचं घर सहाव्या मजल्यावर, आणि तिथे दिवसभर गॅलरीत बसून दुसऱ्यांच्या गॅलऱ्या बघायच्या. मला माझं घर सोडायचं नव्हतं. पाय सुधारणार याबद्दल मात्र मला तिळभर शंका नव्हती. बिघडलेला कोट उसवून पुन्हा शिवते मी, हा तर माझाच पाय.

डॉक्टर दर मंगळवारी यायचे. सिस्टर रोज अकराला. ती श्रीरामपूरकडच्या खेड्यातली, तिशीची असेल. दारात चपला काढायची, हात धुवायची, रक्तदाब बघायची, पोटात रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन द्यायची. मग नडगीवर अंगठा दाबून धरायची आणि उचलायची. तिथे खड्डा राहिला तर पायावर सूज.

पहिल्या दिवशी तिने चहाला नको म्हटलं. मी मनावर घेतलं. घरी आलेलं माणूस माझ्या दारातून कोरड्या तोंडाने जातं म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. ती नको नको म्हणत बसली आणि मग तिने सगळे संपवले. वर खोबरं, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. सकाळी खाल्लंच नव्हतं तिनं काही, हे तिच्या खाण्यावरूनच कळत होतं.

तेव्हापासून रोज पोहे. स्वयंपाकाची बाई नऊला निघून जायची. दहाला मी उठायची. ओट्याला धरून उभं राहता येतं, मग वॉकर कशाला? कांदा चिरायचा, शेंगदाणे तळायचे, फोडणी, एक वाफ. ओटा पुसायचा. अकराला पाच कमी असताना मी परत पलंगावर, पाय दोन उशांवर, सांगितल्याप्रमाणे. शाळेतल्या शहाण्या मुलीसारखी.

दुसऱ्या आठवड्यात खड्डा पडायला लागला. तिसऱ्या आठवड्यात तो एवढा खोल गेला, की त्यात शेंगदाणा मावला असता. डॉक्टरांना रक्ताच्या गाठीची शंका आली, सोनोग्राफी झाली, गाठ निघाली नाही. गोळ्या बदलल्या, मीठ कमी केलं. सूज हटेना. "पुढच्या मंगळवारपर्यंत उतरली नाही, तर भरती करावं लागेल," असं डॉक्टर म्हणाले. मुलाला हे कळताच त्याने गाडी घेऊन येतो म्हणून सांगितलं. मी डॉक्टरांच्या गोळ्यांना शिव्या घातल्या. पोह्यांचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही, देवाशपथ.

त्या शनिवारी सिस्टरचा आधीचा पेशंट गावाला गेलेला. ती साडेदहालाच आली. मी ओट्याशी, हातात उलथनं. वॉकर पलंगापाशी, त्यावर टॉवेल वाळत घातलेला.

"मावशी, हे काय चाललंय?"

"पोहे."

"कुनासाठी?"

"तुमच्यासाठी. आणखी कोणासाठी?"

तिने गॅस बंद केला. "रोज तुमीच करता? मला वाटलं, कामाच्या ताई करून ठेवतात!"

"ती नऊला जाते. नऊचे पोहे अकराला चिवट होतात. पाहुण्याला चिवट पोहे द्यायचे?"

"अवो, मी पाहुनी न्हाई, सिस्टर हाय!" असं म्हणता म्हणता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तासभर उभं ऱ्हायल्यावर पाय सुजंल न्हाई तर काय? आन् मी बी येडी, रोज बशी चाटूनपुसून खाल्ली, वर पायाला खड्डा का पडतो म्हून इचार करत बसले."

मला लाज वाटली. खरीखुरी, मान खाली जाईल अशी. तिने रोजच्या नोंदींची फाईल उघडली. त्या पानाचा फोटो रोज मुलाला जायचा. ती पेन धरून माझ्याकडे बघत राहिली. नका लिहू, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"लिही पोरी," मी म्हटलं. त्या दिवसापासून ती सिस्टर न राहता माझी पोरगी झाली. मुलाला फोनही मीच केला.

"आई, पोहे?" तो म्हणाला.

"पोहे."

मग म्हणाला, "आणखी एक आठवडा. नंतर मी ऐकणार नाही."

सोमवारपासून पोरगी घरून डबा आणायला लागली. माझा जीव ओट्यात अडकू नये म्हणून माझ्यासमोर बसून भाकरी-भाजी खायची. माझ्या घरात माणूस स्वतःचा डबा उघडून जेवतंय, आणि मी पाय वर करून बघतेय! त्यापेक्षा शस्त्रक्रिया सोपी होती. पण मी हलले नाही. त्या मंगळवारी खड्डा उथळ झाला, पुढच्या मंगळवारी आणखी. भरती टळली. मग काठी आली, अंगणापर्यंत फेऱ्या आल्या. दोन महिने भरले, तेव्हा डॉक्टरांनी अर्धा तास उभं राहायची परवानगी दिली आणि माझ्यासमोरच मुलाला फोन करून सांगितलं, की आईंना इथेच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी पोरगी शेवटची आली. रक्तदाब बघितला, फाईल मिटली आणि खुर्चीवर बसून राहिली.

"डबा?" मी विचारलं.

"न्हाई आनला."

मी काठी टेकत स्वयंपाकघरात गेले. ती जागची उठली नाही, फक्त दारातून माझ्या पायांकडे बघत राहिली. पोहे झाले. तिने खाल्ले, बशी खाली ठेवली, माझ्यापुढे बसली आणि नडगीवर अंगठा दाबला. उचलला. कातडी जशीच्या तशी.

मग तिने बशी पुढे केली. "वाढा अजून."